राखाडी कोटाची साक्ष

मास्तरांच्या लक्षात माणसांची तोंडं राहत नसत, खांदे राहत. रस्त्यात समोरून कुणी हात केला की ते गोंधळून बघत उभे राहायचे. तोच माणूस पुढे निघून पाठमोरा झाला की म्हणायचे, "अरेच्चा, हा तर बँकेतला! डावा खांदा उतरता." चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या मागे उभं राहून टेप लावल्यावर जगाची मागचीच बाजू जास्त ओळखीची व्हायची, त्याला ते तरी काय करणार!

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढं कापायचं टेबल, कापड सरकून सरकून गुळगुळीत झालेलं. त्याच्यामागं दोन मशिनं, भिंतीला उभा आरसा आणि आरशाखाली मापवह्यांची चळत. दुसऱ्या मशिनवर बायको बसायची. काजं, बटणं आणि अस्तराची हातशिलाई हे तिचं खातं. ती टाके इतके बारीक घालायची की मास्तर स्वतःच कधीकधी भिंग लावून बघत आणि "डोळे फुटतील तुझे" असं कौतुक करत. याहून गोड बोलणं त्यांना जमत नसे, आणि तिलाही ते कळत होतं.

मास्तर हे काम मामाकडे शिकले. मामा कडक. पहिलं वर्षभर त्यानं भाच्याला नुसतं उसवायला बसवलं. माप तोंडपाठ आहे म्हणून न बघता आकडा सांगितला की मामाची लाकडी पट्टी बोटांवर बसायची. "वहीत बघ!" एवढंच मामा म्हणायचा. ती सवय मास्तरांच्या हाडीमाशी खिळली होती. आयुष्यात ती एकदाच सुटली, आणि नेमकी पोलिसांसमोर.

झालं असं, की गावातलं घड्याळांचं एक दुकान फुटलं. चोरानं राखणदाराच्या डोक्यात लोखंडी कांब घातली आणि तो मागच्या खिडकीतून पळाला. पळताना त्याचा कोट खिडकीच्या गजात अडकला, तो तिथंच टाकून त्यानं धूम ठोकली. राखणदार वाचला, पण त्याला चोराचा चेहरा दिसला नव्हता. दिसली ती पाठ, आणि पाठीवर राखाडी कोट. कोटाच्या कॉलरच्या आत मास्तरांच्या दुकानाचं लेबल होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फौजदार दुकानात आला. कोट सीलबंद करून ठेवलेला, म्हणून त्यानं फोटो आणला होता. टेबलावर पसरलेला कोट, लेबल, बटणं.

"मास्तर, ओळखता?"

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "न ओळखायला काय झालं! हे कापड मी गेल्या थंडीत आणलं होतं. शिंगाची बटणं. लिफ्टवाल्याचा कोट हा."

"खात्री आहे?"

"साहेब, माझ्या हातचं काम मला कळणार नाही?"

फौजदारानं तेवढं लिहून घेतलं. त्यानं विचारलं होतं एक आणि मास्तरांनी उत्तर दिलं होतं दुसऱ्याचंच, हे त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आलं नाही. कोट मास्तरांनी शिवलेला होता, यात तिळमात्र शंका नव्हती. कुणासाठी शिवला, हा प्रश्न वेगळा होता. पण चार दिवसांपूर्वीच लिफ्टवाला पँट आखूड करायला येऊन गेला होता, त्यामुळे तोच आधी डोळ्यांसमोर आला आणि तोच ओठांवर आला. मापवह्या हाताच्या अंतरावर होत्या. मास्तरांनी एकही उघडली नाही.

उलट त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांची छाती चांगलीच फुगली होती. "नुसता फोटो बघून ओळखला," हे त्यांनी तीनदा तरी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याला अटक झाली.

हा लिफ्टवाला म्हणजे उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा तिशीतला माणूस. आई आणि तो, एवढंच घर. त्यानं पोलिसांना सांगितलं, की माझा कोट ग्रीसनं इतका भरला की महिन्यापूर्वीच मी तो फेकून दिला. कुठं फेकलास? कचऱ्यात. कुणी बघितलं? कुणी नाही. त्याच्या घरी चोरीचं एकही घड्याळ मिळालं नाही, खिडकीवर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत. पण कोट होता, आणि कोट त्याचा असल्याचं सांगणारा जबाब होता. जामीन मिळायला तीन महिने गेले. सुटल्यावरही दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, गाव सोडायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही, अशा अटी. कामावर त्याला परत कुणी घेतलं नाही. बंद इमारतीच्या किल्ल्या आरोपीच्या हातात कोण देणार?

त्याची आई अधूनमधून मास्तरांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची. आत यायची नाही, हाक मारायची नाही. साक्षीदाराच्या वाटेला जाऊ नका, असं वकिलानं तिलाही बजावलं होतं. ती नुसती बघायची आणि पाच-दहा मिनिटांनी निघून जायची. मास्तर मान खाली घालून टीप मारत राहायचे. ती टीप मग हमखास वाकडी जायची.

"शिव्या देत असेल मनात," ते एकदा बायकोला म्हणाले.

"देऊ दे की," बायको म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलंय ना? मग झालं."

मास्तरांनी वाकडी टीप उसवायला घेतली.

घटनेला नऊ महिने होत आले तेव्हा समन्स आलं. अमुक तारखेला सकाळी साडेदहा वाजता साक्षीसाठी हजर राहावं. शिपाई सही घेऊन गेला. कोर्टात मापाविषयी विचारतील, आकडे पाठ असलेले बरे, असा विचार करून त्यांनी गेल्या थंडीची मापवही काढली. लिफ्टवाल्याचं पान सापडलं. छाती, खांदा, उंची. बाहीच्या रकान्यासमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: डावी साडेचोवीस, उजवी पावणेचोवीस.

ते स्टुलावर मटकन बसले.

सगळं आठवलं. लिफ्टवाल्याचा उजवा हात लहानपणी मोडला होता आणि जरा आखूड जुळला होता. तयार कोट घातला की त्याची उजवी बाही बोटांवर यायची, म्हणून तर तो मुद्दाम शिवून घ्यायला आला होता. आणि पुढची पानं उलटली तर त्याच राखाडी ताग्यातले आणखी सहा कोट निघाले. सगळ्यांना शिंगाचीच बटणं.

बायको पानावर वाकून बघत होती. "मग खिडकीत सापडला त्याच्या बाह्या कशा आहेत?"

"फोटोत कुठं कळतंय? बाह्या घडी करून ठेवलेल्या होत्या." मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. "त्याचा असेलही. नसेलही. मला माहीत नाही गं. आणि मी तर छातीठोकपणे सांगून बसलोय."

संध्याकाळी बायकोचा भाऊ आला. त्यानं पूर्वी कधीतरी सायकलींच्या धडकेत साक्ष दिली होती, आणि तेव्हापासून घरात कायद्याच्या गोष्टीत त्याचा शब्द अखेरचा मानला जाई.

"दाजी, एक अक्षर बदलू नका," त्यानं बोट नाचवत सांगितलं. "पोलिसांना एक सांगितलंत आणि कोर्टात दुसरंच बोललात, तर फितूर ठरवतील. खोट्या साक्षीचा खटला तुमच्यावरच उभा राहील. या वयात तुरुंगातली भाकरी पचेल का तुम्हाला?"

"आणि त्या पोरानं खाल्ली ती?" बायको कडाडली. "तुझ्या सायकलीचा निकाल काय लागला होता रे?"

"तो... आपसात मिटलं होतं ते."

"मग गप्प बस."

पण मेहुण्याचं बोलणं मास्तरांच्या मनात घर करून बसलं. पुढचे आठ दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी खिसा उलटा लावला, आणि ते गिऱ्हाईक दाखवेपर्यंत त्यांना कळलंही नाही.

तारखेच्या दिवशी ते मापवही पिशवीत घालून, टेप खिशात ठेवून तासभर आधीच कोर्टात पोचले. टेप का घेतली हे त्यांना सांगता आलं नसतं. चष्म्यासारखी तीही अंगावरचीच वस्तू होती. बाहेरचा बाक माणसांनी भरलेला. कुणी कागद चाळतंय, कुणी भिंतीकडे बघतंय. मास्तरांनी धीर करून सरकारी वकीलबाईंना गाठलं. बाई पन्नाशीच्या, काळ्या कोटाची एक कड उसवलेली. एरवी मास्तरांनी ती आधी दाखवली असती.

"बाई, मला भीती वाटतेय. मी पोलिसांना जे सांगितलं, ते... वही न बघता सांगितलं."

त्यांनी सगळं सांगितलं. पान दाखवलं. बाईंनी मधे तोंड घातलं नाही. मग वही मिटून त्यांच्या हातात परत दिली.

"मास्तर, तुम्ही काय बोलायचं हे मी शिकवू शकत नाही. शिकवणारही नाही. पण नियम सांगते. पोलिसांपुढचा जबाब म्हणजे पुरावा नव्हे. तो तपासाचा भाग. न्यायाधीशांसमोर, शपथ घेऊन, दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या प्रश्नांना तोंड देऊन जे सांगाल, तो पुरावा."

"मग मला आत नाही टाकणार?"

"जाणूनबुजून खोटं बोलणं हा गुन्हा आहे. चुकणं आणि चूक कबूल करणं हा गुन्हा नाही."

"पण तुमची केस पडेल, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "माझं काम कोर्टासमोर खरं आणणं. कुणालाही धरून तुरुंगात घालणं नव्हे. हे पान मी बचावाच्या वकिलांनाही दाखवणार आहे. त्यांचा तो हक्क आहे. आणि एक लक्षात ठेवा, माहीत नसेल तिथं 'माहीत नाही' म्हणा. तेही उत्तरच असतं."

मास्तरांनी वही पिशवीत ठेवली आणि बाकाच्या कडेला जागा करून घेतली.

पुकारा झाला. मास्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. समोर उंचावर न्यायाधीश, खाली टंकलेखक, एका कोपऱ्यात लिफ्टवाला. तो वाळला होता. खांदे पुढे पडले होते. मागच्या बाकावर त्याची आई. मास्तरांनी खरं सांगेन, खरं तेच सांगेन अशी शपथ घेतली.

वकीलबाईंनी नाव, धंदा, किती वर्षं, असे सोपे प्रश्न विचारले. मग मुद्देमालाचं पुडकं आणवलं. न्यायाधीशांनी सील शाबूत असल्याची खात्री केली, ते फोडलं गेलं, आणि राखाडी कोट टेबलावर आला.

"हा कोट कुणी शिवला?"

मास्तरांनी आत हात घालून अस्तर चाचपलं. बायकोचा टाका. "मी. अस्तर माझ्या बायकोनं लावलंय."

"कुणासाठी शिवला?"

मास्तरांनी कोटाच्या घडी केलेल्या बाह्यांकडे बघितलं.

"साहेब," मास्तर न्यायाधीशांकडे वळले, "पोलिसांना मी या आरोपीचं नाव सांगितलं होतं. पण तेव्हा मी फक्त फोटो बघितला होता आणि वही बघितली नव्हती. मला टेप लावून बघू द्याल का?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "बघा. आणि आधी काय म्हणाला होता याची काळजी करू नका. आज तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे, ते सांगा."

मास्तरांनी कोट टेबलावर पालथा घातला. सुरकुत्या काढल्या. खांद्याच्या शिवणीवर टेपचं टोक धरून मनगटापर्यंत ओढलं. डावी बाही, साडेचोवीस. ते उजवीकडे सरकले. टेप ओढली. आकडा वाचला, पुन्हा टेप लावली, पुन्हा वाचला.

"उजवीही साडेचोवीस, साहेब." मास्तरांनी टेप उचलली. "हा कोट त्याचा नाही. त्याची उजवी बाही मी पाऊण इंच आखूड कापली होती. वहीत लिहिलेलं आहे."

मागच्या बाकावरून एक हुंदका आला आणि लगेच दाबला गेला.

आता बचावाच्या वकिलाची पाळी. पोरसवदा वकील, आरोपीला स्वतःचा वकील करणं परवडत नाही म्हणून कोर्टानंच नेमून दिलेला. त्यानं फार लांबण लावली नाही. "आरोपीच्या हातांचं माप तुम्ही आत्ता, इथं घेऊ शकाल?"

न्यायाधीशांनी परवानगी दिली. मास्तर पिंजऱ्यातून उतरले आणि लिफ्टवाल्यासमोर जाऊन उभे राहिले. दोघांची नजरानजर झाली. लिफ्टवाल्याचा जबडा घट्ट मिटलेला, हात लाकडासारखे ताठ. मास्तर सवयीनं त्याच्या मागे गेले, खांद्यावर टेपचं टोक ठेवलं आणि सवयीनंच पुटपुटले, "हात सैल सोड, बाळा."

एक क्षण काही झालं नाही. मग त्यानं हात सोडले.

डावा साडेचोवीस. उजवा पावणेचोवीस. मास्तरांनी आकडे मोठ्यानं सांगितले आणि टंकलेखकानं ते टिपून घेतले.

वकीलबाई फेरतपासणीला उठल्या. प्रश्न अडचणीचा होता, पण विचारायलाच हवा होता. "उजवी बाही नंतर कुणी सोडून लांब केली असेल, असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं. शिवणीच्या आत आम्ही जास्तीचं कापड दाबून ठेवतो, त्याला माया म्हणतात. ती सोडली की बाही लांब होते. पण मग जुन्या टाक्यांची भोकं राहतात, आणि दुमडीची रेघ काही केल्या जात नाही." मास्तरांनी बाहीचं टोक उलटं केलं. "इथं रेघ नाही. अस्तराचा टाका बायकोचा, पहिल्या दिवशीचा आहे, एकदाही उसवलेला नाही. साहेबांनी बघावं."

त्यांनी खिशातलं भिंग पुढे केलं. न्यायाधीशांनी चष्म्यावर भिंग धरून बराच वेळ बाही न्याहाळली. आपल्या बायकोच्या शिलाईची एवढी तपासणी मास्तरांनीही कधी केली नव्हती.

"मग हा कोट कुणाचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

मास्तरांच्या तोंडात दोन नावं आली. ती त्यांनी गिळली. "त्या ताग्यातले सात कोट मी शिवले. हा त्याचा नाही, एवढं नक्की. उरलेल्यांतला कुणाचा, ते वही बघून, मापं ताडून सांगता येईल. अंदाजानं सांगणार नाही, साहेब. एकदा सांगितलं तेवढं पुरे झालं."

न्यायाधीशांनी फौजदाराला मापवहीच्या त्या पानांच्या नकला घ्यायला सांगितलं आणि मास्तरांना म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता." एवढंच. रागावणं नाही, बेड्या नाहीत. मास्तर बाहेर आले. नळावर जाऊन ते तीन ओंजळी पाणी प्यायले.

दहा दिवसांनी निकाल होता. मास्तरांना यायची गरज नव्हती, तरी ते बायकोला घेऊन मागच्या बाकावर येऊन बसले. न्यायाधीशांनी निकाल संथपणे वाचला. गुन्हा घडला आहे, राखणदार जखमी झाला आहे, यात वाद नाही. पण तो या आरोपीनं केला हे सरकार पक्षानं सिद्ध करायचं असतं. आपला कोट कुठं गेला हे आरोपीनं सिद्ध करायचं नसतं. त्याला गुन्ह्याशी जोडणारा एकमेव दुवा हा कोट होता आणि तो त्याच्यापर्यंत पोचत नाही. आरोपी निर्दोष. जामिनाच्या अटी रद्द.

आईनं लेकाला मिठी मारली ती सोडेचना. शिपाई "बाहेर, बाहेर" म्हणत होता, पण त्यातही जोर नव्हता.

बाहेरच्या व्हरांड्यात लिफ्टवाला मास्तरांसमोर येऊन थांबला. मास्तरांनी दहा दिवस माफीची वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही.

"चुकलो मी," ते म्हणाले. "वही बघायला हवी होती."

"तुमच्यामुळे अडकलो म्हणू, की तुमच्यामुळे सुटलो म्हणू?"

"दोन्ही म्हण. दोन्ही खरंय."

लिफ्टवाल्यानं मान हलवली. "नऊ महिने गेले, मास्तर. ते काही तुम्हाला शिवून देता येणार नाहीत."

"नाही येणार."

त्याची आई पुढे झाली. मास्तरांनी मान खाली घातली. आता ऐकून घ्यायचं, असं मनाशी ठरवलं. पण ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी नुसतं गप्प राहिला असता तरी कुणाला कळलं नसतं." आणि तिनं मास्तरांच्या बायकोचा हात हातात घेतला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकदमच रडल्या, आणि रडतारडताच हसल्या, कारण दोघींकडेही रुमाल नव्हता आणि मास्तरांनी घाईघाईत पिशवीतून कापडाचा तुकडा काढून दिला होता. लिफ्टवाल्याच्या तोंडावरही काहीतरी हललं. ते पुरतं हसू नव्हतं. पण जबडा सुटला होता.

"सोमवारी हजेरीला जायचं नाही आता," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "काय करायचं सोमवारी?"

"झोप," त्याची आई म्हणाली.

मेहुण्यानं त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की दाजींना खरं बोलायचा सल्ला आपणच दिला होता. त्याला कुणी खोडून काढलं नाही.

मास्तर मात्र त्या वेळी जागे नव्हते. कोर्टातून घरी चालत आल्यावर त्यांनी भरपेट जेवण केलं, दोनदा वाढून घेतलं, आणि चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. भर दुपारी दुकानामागच्या खोलीत चटई टाकून ते आडवे झाले. दोन मिनिटांत घोरण्याचा आवाज पुढच्या टेबलापर्यंत येऊ लागला.

चारच्या सुमाराला एक गिऱ्हाईक कापड घेऊन आलं. "मास्तर आहेत का? माप द्यायचं होतं."

"आहेत," बायकोनं मशिन थांबवून हळू आवाजात सांगितलं. "पण झोपलेत. उद्या या."

"तुम्हीच घ्या की अंदाजानं!"

"छे हो!" ती म्हणाली आणि पुन्हा काज घालायला लागली.